सेन्सर ‘डायरेक्ट’ करणं ही दुरुस्ती नव्हे

गाडीच्या शेडचं विजेवरचं शटर बंद होईना म्हटलं की भवानीनगर, सणसर, जाचकवस्ती, काटेवाडी, कुठेही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: “सेन्सर डायरेक्ट करून टाका.” वायरमन हेच सांगतो, शटर मिस्त्री हेच सांगतो, आणि ज्यांनी आपल्या बंगल्याच्या सरकत्या गेटला हा इलाज केलाय ते तर अनुभवाचा दाखला देऊन सांगतात. पाच मिनिटांचं काम. नियंत्रण पेटीचं झाकण काढायचं, फोटो सेन्सरच्या दोन वायरी सोडवायच्या, त्या दोन टर्मिनलांत बोटभर वायरचा तुकडा अडकवायचा, वर काळी टेप. शटर लगेच खाली येतं. मालक खूश, मिस्त्रीचे पैसे सुटले.

या सल्ल्याला माझा विरोध आहे, आणि तो तपशिलात जाऊन मांडायचा आहे. कारण हा सल्ला देणारी माणसं वाईट नाहीत, अडाणीही नाहीत. त्यांच्याकडे कारणं आहेत आणि त्यातली एक-दोन वजनदार आहेत. त्या कारणांना उत्तर द्यायलाच हवं.

आधी त्या दोन वायरी काय करतात ते पाहू. शटरच्या दोन बाजूंच्या खांबांवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन छोट्या डब्या समोरासमोर बसवलेल्या असतात. एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण सोडते, दुसरी तो टिपते. किरण पोचतोय तोवर दुसऱ्या डबीतला संपर्क जोडलेला राहतो आणि नियंत्रण पेटीला कळतं की वाट मोकळी आहे. मध्ये काही आलं की संपर्क तुटतो. शटर खाली येत असेल तर थांबतं किंवा उलटं वर जातं. उघडं असेल तर खाली यायला नकार देतं. इथली रचना मुद्दाम अशी आहे की वायर तुटली, डबी जळाली, भिंगावर धूळ बसली, काहीही बिघडलं तरी संपर्क तुटतोच. म्हणजे खात्री नसेल तेव्हा दार बंद होऊ नये, ही त्या यंत्राला दिलेली शिकवण आहे. ‘डायरेक्ट’ केल्यावर नियंत्रण पेटीला कायमची एक खोटी साक्ष मिळते की वाट मोकळी आहे. खाली पोर असो, वासरू असो, तिला वाट मोकळीच दिसणार.

घरातला फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी जाड तारेचा गुंडाळा बसवणारी माणसं आपण पाहिली आहेत. त्यातल्या किती घरांत नंतर वायरिंग जळालं, तेही पाहिलंय. सेन्सर डायरेक्ट करणं हा त्याच सवयीचा दुसरा अवतार आहे.

आता समोरच्या बाजूचा पहिला मुद्दा. “शटर वर जातंय, खाली येत नाही, म्हणजे मोटर नाहीतर सेन्सर गेला. मोटर महाग, म्हणून सेन्सर काढू.” यात तपासणी नाहीच, फक्त अंदाज आहे. शटर नीट वर जातंय, हीच केवढी मोठी माहिती आहे! वीज येते, मोटरला ताकद आहे, ब्रेक सुटतो, स्प्रिंग शाबूत आहे, लॅथच्या पट्ट्या चॅनेलमध्ये सरळ धावतात, हे सगळं त्या एका फेरीत सिद्ध झालं. वजन उचलून वर नेणं हे खाली येण्यापेक्षा कितीतरी अवघड काम. ते जमतंय आणि सोपं काम अडतंय, तर दोष बहुतेक फक्त बंद होण्याच्या वाटेवरच्या छोट्या भागात असणार: फोटो सेन्सर, खालचा लिमिट स्विच, खाली नेणारा रिले, किंवा रिमोटवरचं झिजलेलं खालचं बटण. पहिल्यांदा भिंतीवरच्या स्विचने बंद करून पाहा. त्याने बंद होत असेल तर रिमोटचा सेल आणि बटण तपासा, बाकी कशाला हात लावायची गरज नाही. छताला लागलेल्या पट्ट्यावर चालणाऱ्या गॅरेज दारांमध्ये आणखी एक खूण असते. भिंतीवरचं बटण सतत दाबून धरलं तर बऱ्याच कंपन्यांची दारं सेन्सरकडे दुर्लक्ष करून खाली येतात. धरल्यावर बंद होतं आणि नुसतं दाबल्यावर होत नाही, तर दोष सेन्सरच्या बाजूला, हे निश्चित. यासाठी मिस्त्रीही लागत नाही.

आणि दोष सेन्सरच्या बाजूला आहे याचा अर्थ सेन्सर गेला असा होत नाही. परवा सणसरच्या बाजूला एका ट्रॅक्टरच्या शेडमध्ये मी असा ‘गेलेला’ सेन्सर पाहिला. मालकाने नवी जोडी मागवायची तयारी केली होती. डबीच्या पुढच्या काळ्या भिंगावर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, करंगळीच्या पेराएवढं. पेन्सिलीच्या टोकाने ते खरवडलं, कोरड्या सुती फडक्याने भिंग पुसलं, आणि डबीवरचा लुकलुकणारा छोटा दिवा स्थिर झाला. शटर खाली आलं. त्या दिव्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. बहुतेक जोड्यांत किरण टिपणाऱ्या डबीवर असा दिवा असतो. स्थिर पेटलेला असेल तर किरण पोचतोय, लुकलुकत किंवा विझलेला असेल तर पोचत नाही. काही कंपन्यांची पद्धत याच्या उलट असते, म्हणून शटर नीट चालत असतानाच एकदा तो दिवा कसा दिसतो हे बघून ठेवावं. दोन्ही डब्या पूर्ण अंधारात असतील तर वायर पाहायची. धान्याची पोती असलेल्या शेडमध्ये उंदीर वायर कुरतडतात, आणि तीही बरोबर जमिनीलगत, जिथे पाइप संपतो आणि वायर उघडी पडते तिथे.

दुसरा मुद्दा जास्त ऐकू येतो आणि मला त्याचंच उत्तर जास्त आवेशाने द्यायचंय: “हे सेन्सर परदेशातल्या स्वच्छ गॅरेजसाठी. आपल्याकडच्या धुळीत, उन्हात चालत नाहीत.” धूळ आहे, मान्य. गाळप हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, पाचटाचा चुरा उडतो, शेतात पाचट पेटवलं की काजळी येऊन कपड्यांवर, ओट्यावर बसते. ती भिंगावरही बसणारच. पण मोटरसायकलच्या हेडलाइटवर चिखल बसतो म्हणून हेडलाइट कुणी काढून टाकत नाही. हंगामात आठवड्यातून एकदा फडकं फिरवायचं, एवढीच त्याची मागणी आहे.

उन्हाची तक्रार खरी आहे आणि तिचं उत्तर आपल्या रस्त्यातच दडलंय. सेन्सरचा किरण दाराच्या एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे, म्हणजे दाराच्या तोंडाला आडवा जातो. बारामतीहून भवानीनगरमार्गे इंदापूरला जाणारा रस्ता ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे धावतो. त्याच्या कडेची दुकानं, गोदामं, शेड साहजिकच उत्तरेला किंवा दक्षिणेला तोंड करून उभी आहेत. त्यामुळे त्यांच्या सेन्सरचे किरण बरोबर पूर्व-पश्चिम जातात. आता किरण टिपणारी डबी पूर्वेच्या खांबावर असेल तर ती पश्चिमेकडे तोंड करून बसलेली असते. सूर्य मावळतीला आला की त्याचं सरळ ऊन तिच्या डोळ्यात शिरतं, आणि समोरून येणारा क्षीण किरण तिला ओळखू येत नाही. नेमकी हीच दुकान बंद करायची, गाडी आत घ्यायची वेळ! म्हणून लोक म्हणतात की दुपारी चालतं, संध्याकाळी बिघडतं. बिघडलेलं काहीच नसतं. दोन्ही डब्यांची अदलाबदल करा. टिपणारी डबी पश्चिमेच्या खांबावर, पूर्वेकडे तोंड करून. मग तिला ऊन लागेल सकाळी, जेव्हा आपण शटर उघडत असतो. उघडताना सेन्सरचं काही काम नसतं. शिवाय डबीवर पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा टोपीसारखा बसवला की तिरपं ऊन अडतं. ज्यांना ‘आपल्याकडे चालत नाही’ असं वाटतं, त्यांनी हा अर्ध्या तासाचा उपाय करून पाहावा आणि मग बोलावं.

पण खरा प्रश्न वेगळा आहे. हा सेन्सर परदेशात आला कसा? अमेरिकेत विजेवरची गॅरेज दारं घराघरांत होती, आणि मुलं त्यांच्याखाली सापडून मरत होती. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडे 1982 पासून पुढे आलेल्या नोंदींत अशी 2 ते 14 वर्षांची सुमारे 60 मुलं आहेत. 1990 मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला आणि 1 जानेवारी 1993 पासून तयार होणाऱ्या घरगुती दारयंत्रांना नियम लागला. अडथळ्याला टेकल्यावर 2 सेकंदांत दार उलटं फिरलं पाहिजे, आणि त्याखेरीज वेगळं संरक्षण हवंच: फोटो सेन्सर, नाहीतर दाराच्या खालच्या कडेला स्पर्श ओळखणारी पट्टी, नाहीतर माणसाने बटण दाबून धरलं तरच चालणारी यंत्रणा. फोटो सेन्सर जमिनीपासून 6 इंचांच्या आत बसवायचा, हाही सूचनांचा भाग आहे, कारण मोठा माणूस दाराखालून चालत जातो पण पोर दाराखाली रांगतं, आडवं पडतं.

आता त्या गॅरेजची आणि आपल्या शेडची तुलना करा. तिथे गॅरेज म्हणजे कुलूपबंद खोली. गाडी आत गेली की तिथे कुणी थांबत नाही. आपल्याकडे शेडचा उंबरा ही वापरातली जागा आहे. दुपारी सावलीला कुत्रं तिथेच पसरतं. कोंबड्या आत-बाहेर करतात. शेळी बांधलेली असते. तोडणीच्या हंगामात कामगारांच्या कोप्या रस्त्याकडेला पडतात आणि त्यांची लेकरं दिवसभर मोकळ्या जागेत खेळत असतात. आणि आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीहून याच रस्त्याने येते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, सणसरला मुक्काम पडतो. त्या रात्री या पट्ट्यातलं कुठलं शेड, कुठलं गोदाम वारकऱ्यांना बंद असतं? लोक आपणहून शटर वर करून जागा देतात. दमलेली म्हातारी माणसं उंबऱ्याशी, अर्धी आत अर्धी बाहेर, घोंगडी टाकून झोपतात. पाऊस आला म्हणून घरातून कुणी रिमोटचं बटण दाबलं तर? मोटरला म्हातारी दिसत नाही. सेन्सरला दिसते. मग सेन्सरची गरज अमेरिकेतल्या बंद गॅरेजला जास्त की आपल्या उघड्या उंबऱ्याला?

“पूर्वी बिनसेन्सरची शटरं होतीच की, कुणाचं काय वाईट झालं?” हा तिसरा मुद्दा वडीलधारी मंडळी काढतात. पूर्वीचं शटर हाताने ओढायचं. ओढणारा माणूस समोर उभा असायचा, त्याची नजर खाली असायची, आणि त्याचा हात थांबला की शटर थांबायचं. मोटर आली तेव्हा नजर आणि हात दोन्ही गेले. रिमोटमुळे तर माणूसही तिथून गेला. तो आता स्वयंपाकघरातून, गाडीत बसून, फोनवर बोलत बटण दाबतो. गेलेल्या नजरेच्या जागी सेन्सर आहे. तो काढला तर जुन्या शटरकडे आपण परत जात नाही, त्याहून वाईट जागी जातो. लिफ्टचं पाहा. लिफ्टसाठी महाराष्ट्रात 1939 पासून कायदा होता, 2017 मध्ये नवा आला, सरकत्या जिन्यांसह. पुण्यातल्या सोसायटीत लिफ्टचं दार सारखं उघडतं म्हणून तिचा दाराचा सेन्सर डायरेक्ट करा असं कुणी सुचवलं तर रहिवासी त्या माणसाला लिफ्टजवळ फिरकू देणार नाहीत. शेडचं शटर लिफ्टच्या दारापेक्षा कितीतरी जड असतं.

आता त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. रात्रीचे दहा वाजलेत, शेडमध्ये ट्रॅक्टर, पंप, खताची पोती, शटर अर्ध्यावर अडकलंय, मिस्त्री उद्या येणार. रात्रभर शटर उघडं कसं ठेवायचं? चोऱ्या होतात, हे खरं आहे. पण याचंही उत्तर यंत्रातच दिलेलं असतं. बाजूला मोटर असलेल्या बहुतेक रोलिंग शटरला हाताची साखळी असते. आधी वीज बंद करायची, शटरखाली कुणी नाही हे पाहायचं आणि साखळीने शटर सावकाश खाली घ्यायचं. सरकत्या गेटला किल्लीने मोटर मोकळी करण्याची सोय असते. छतावरच्या पट्ट्याच्या दाराला लाल दोरी असते. मात्र दार वर असताना ती ओढायची तर दोघांनी मिळून आणि दार हाताने धरूनच, कारण स्प्रिंग तुटलेली असेल तर दार धाडकन खाली येतं. एका रात्रीची अडचण सोडवायला हे पुरेसं आहे. त्या रात्रीच्या घाईत बसवलेला वायरचा तुकडा पुढची दहा वर्षं तिथेच राहतो, हे मी अनेक पेट्यांची झाकणं उघडल्यावर पाहिलंय. टेपसुद्धा वाळून गळून पडलेली असते, तुकडा तसाच.

शटर खाली येतं, जमिनीला टेकतं आणि पुन्हा वर जातं, असाही प्रकार असतो. इथे सेन्सरला दोष देण्यात अर्थच नाही, तरी दिला जातो. एवढ्यात उंबऱ्यावर पावसाचा गाळ साचलाय का, चॅनेलमध्ये खडा अडकलाय का, कोबा उचललाय का, ते पाहायला हवं. जमीन अर्धा इंच वर आली तरी शटर ठरलेल्या जागेआधीच टेकतं आणि यंत्र त्याला अडथळा समजतं. गाळ काढा, नाहीतर खालची लिमिट किंचित वर घ्या.

याच ठिकाणी मिस्त्री दुसरी, जास्त धोक्याची गोष्ट करतात: फोर्स वाढवतात. त्याला व्होल्टेजची जोड मिळते. संध्याकाळी सगळीकडचे दिवे, मिक्सर, कूलर लागले की गावाच्या टोकाच्या घरांना 230 व्होल्टच्या जागी 180 पोचणं ही नवलाची गोष्ट नाही. साध्या एसी मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 180 व्होल्टला तो पूर्ण जोराच्या सुमारे 61 टक्के उरतो. शटर अडखळतं, जोर मोजणाऱ्या पेटीला वाटतं वाटेत काहीतरी आहे, ती शटर उलटं फिरवते. मिस्त्री त्या वेळी फोर्सचा स्क्रू फिरवून देतो, शटर बंद होतं, सगळे समाधानी. पण सकाळी व्होल्टेज पूर्ण येतं आणि तेच शटर आता गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोराने खाली दाबतं. सेन्सर डायरेक्ट आणि फोर्स वाढवलेला, हे दोन्ही एकाच शटरला झालं असेल तर त्याच्यात आणि खाली पडणाऱ्या दगडात माणसासाठी फरक राहत नाही. फोर्स ठरवायचा तो पूर्ण व्होल्टेजला, चॅनेल साफ करून, तेल देऊन. व्होल्टेज रोजच पडत असेल तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा किंवा स्टॅबिलायझर बसवा. त्याची भरपाई शटरच्या जोरातून करायची नसते.

मिस्त्रींवर मी रागावलेलो नाही. त्यांना एका फेरीचे पैसे मिळतात आणि मालक घड्याळ बघत उभा असतो. भिंग पुसायला, डब्या समोरासमोर आणायला, व्होल्टेज मोजायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. ‘एवढं पुसायचे तीनशे?’ असं आपणच म्हणतो. मग तो वायरचा तुकडा बसवून मोकळा होतो. जबाबदारी अर्धी आपली आहे. सेन्सरची नवी जोडी काही शे रुपयांना मिळते, मोटर काही हजारांना. यातून वाचतं काय, याचा हिशेब कुणीही करावा.

आणि एक. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त शटर मोटरींसोबत फोटो सेन्सर येतच नाही. मोटर, पेटी, दोन रिमोट, बस्स. पेटीत सेन्सर जोडायची जागा असते आणि कारखान्यातूनच तिथे जोडतार लावलेली असते. नवीन मोटर घेताना दुकानदाराला सेन्सरची जोडी मागा, बिलावर लिहून घ्या. ती नसेल तर भिंतीवरचं असं बटण बसवून घ्या जे दाबून धरलं तरच शटर खाली येईल, आणि ते शटर दिसेल अशाच जागी लावा.

ज्यांच्या शेडला असं शटर आहे त्यांनी आज दोन गोष्टी कराव्यात. शटर खाली येत असताना, बाजूला सुरक्षित उभं राहून, लांब काठीने सेन्सरसमोरचा किरण अडवा. शटर थांबलं किंवा वर गेलं पाहिजे. मग उंबऱ्यावर दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी टाका आणि शटर सोडा; फळीला टेकताच ते उलटं वर गेलं पाहिजे. दोन्हींपैकी एक जरी झालं नाही तरी रिमोट घरात वर ठेवा, पोरांच्या हाती देऊ नका, आणि मिस्त्रीला बोलवून पेटीचं झाकण आपल्यासमोर उघडायला लावा. आत वायरचा तो बोटभर तुकडा दिसला तर तो काढून सेन्सर परत जोडून घ्या. पालखी यायच्या आधी हे झालंच पाहिजे.